तीन नंबरचा सिलिंडर

माझी गाडी लाल सिग्नलला पहिल्यांदा थरथरली तेव्हा सासूबाई शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. आम्ही टेक्सासमधल्या प्लेनोच्या लायब्ररीतून परत येत होतो. त्यांच्या मांडीवर पुस्तकांची पिशवी होती आणि ती पिशवी हलायला लागली. मला आधी वाटलं, त्यांचाच पाय थरथरतोय.

"आई, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझ्या गाडीला थंडी वाजतेय."

सिग्नल हिरवा झाला, गाडी निघाली आणि थरथर गायब. पुढच्या लाल दिव्याला पुन्हा तेच. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. तिसऱ्या सिग्नलला तो डोळे मिचकावायला लागला.

ती गाडी पंधरा वर्षांची होती. या देशात आल्यावर माझ्या स्वतःच्या पगारातून मी घेतलेली पहिली मोठी वस्तू. मुलीला शाळेत सोडायला, तिला पोहायला न्यायला, आणि गेल्या वर्षी तिला ऑस्टिनच्या कॉलेजात पोचवायला हीच गाडी होती. परत येताना मी हिच्यातच एकटी बसून रडले होते. नवऱ्याकडे नवी इलेक्ट्रिक गाडी आहे. तिच्यात इंजिनच नाही, त्यामुळे इंजिनाबद्दल बोलण्याचा त्याला काही हक्क नाही असं माझं मत होतं. त्याचं तसं नव्हतं.

"विकून टाकू," तो म्हणाला. तो वरच्या खोलीत दिवसभर मीटिंगमध्ये असायचा आणि दोन मीटिंगांच्या मधे हेडसेट गळ्यात अडकवून खाली यायचा. "पंधरा वर्षं म्हणजे खूप झाली, यार. आणि नाहीच विकायची तर कॉइल बदल. कॉइलच असणार. सगळ्यांची कॉइलच जाते."

"तू बघितलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"बघायला कशाला पाहिजे?"

"तू शाळेतही असाच होतास. गणित न करता मागचं उत्तर लिहायचास."

तो कॉफी घेऊन वर गेला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आधीचा आठवडा होता. माझी वर्षाची रजा शिल्लक होती आणि ती संपवली नाही तर वाया जाणार होती, म्हणून मी आठवडाभर घरी होते. मी गॅरेजला फोन केला. तिथला माणूस म्हणाला की सगळेच प्रवासाला निघालेत, तुमचा नंबर पुढच्या आठवड्यानंतर. मी फोन ठेवला तर सासूबाई समोर उभ्या.

"आपण बघू या का?" त्यांनी विचारलं.

इथे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. त्या सांगलीच्या एका कॉलेजात तीस वर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घ्यायच्या. वय एकाहत्तर. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि त्या बावीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नव्हतं. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. भांडण होण्याइतक्या आम्ही कधी जवळच आलो नव्हतो. "चहा घेणार का, आई?" "अर्धा कप चालेल." असं आमचं चालायचं. सहा महिन्यांसाठी त्या आमच्याकडे यायच्या, सगळं नीट करायच्या, मीही सगळं नीट करायची, आणि जाताना विमानतळावर दोघींनाही जरा मोकळं वाटायचं. आणि आता त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून मला विचारत होत्या की आपण इंजिन उघडू या का. त्यांचे डोळे असे चमकताना मी पाहिलेच नव्हते.

मी सॉफ्टवेअरची टेस्टर आहे. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे माझं काम. मी म्हटलं, "बघू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी गॅरेजबाहेर ड्राइव्हवेवर आणली. माझ्याकडे काडेपेटीएवढं एक यंत्र होतं. कधीतरी सेलमध्ये घेतलेलं, पाकीटही न फोडलेलं. ते स्टिअरिंगखालच्या खोबणीत बसवायचं, मग गाडीच्या मनात काय चाललंय ते फोनवर दिसतं. फोनवर दोषाचा कोड आला: तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

"मिसफायर म्हणजे नेमकं काय?" सासूबाईंच्या हातात एक वही होती. कुठून आणली कोण जाणे.

मी सांगितलं. इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकात हवा आणि पेट्रोल येतं, ते दाबलं जातं, ठिणगी पडते, भडका उडतो आणि त्या धक्क्यावर गाडी चालते. एखाद्यात भडका उडालाच नाही तर तो मिसफायर. तिघं ढकलतायत, चौथा नुसता हात लावून उभा.

"म्हणजे हवा, पेट्रोल, दाब आणि ठिणगी." त्यांनी चारही शब्द एकाखाली एक लिहिले. "यातलं तिसऱ्याला काय मिळत नाही किंवा काय जास्त मिळतंय, एवढंच शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर मी वही फाडेन."

मग मी त्यांच्या साडीकडे बघितलं. सांगलीची सुती साडी, वर माझ्या नवऱ्याचा जुना स्वेटर, पायात बूट. "आई, पदर इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात अडकला तर? साडी चालणार नाही."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि आत गेल्या. दहा मिनिटांनी दार उघडलं. सासूबाई माझ्या नवऱ्याच्या कॉलेजच्या काळातल्या निळ्या ट्रॅकपँटमध्ये उभ्या होत्या. पाय खालून दोनदा दुमडलेले, नाडी घट्ट आवळलेली, वर स्वेटर, कपाळावर टिकली. पँट आयुष्यात पहिल्यांदा. त्या दोन पावलं चालल्या. मग आणखी चार चालल्या, जरा लांब टांगा टाकत. मग ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "हे तर फारच सोपं आहे!"

मी हसायला लागले. त्याही हसायला लागल्या. वरची खिडकी उघडली, नवऱ्यानं खाली बघितलं, तो कुणाला तरी इंग्रजीत काहीतरी समजावत होता आणि वाक्याच्या मध्यावर थांबला. मग खिडकी हळूच बंद झाली.

कॉइल म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर बसलेलं एक बोंड, जे ठिणगीला वीज पुरवतं. एक बोल्ट काढला की ते हातात येतं. आम्ही तीन नंबरची कॉइल काढून एकवर बसवली, एकची तीनवर. दोष कॉइलचा असेल तर तो तिच्याबरोबर एकवर जाईल. यंत्रानं जुना कोड पुसला, गाडी घेऊन कॉलनीला चक्कर मारली आणि मुद्दाम लाल सिग्नल गाठला. थरथर. दिवा. मी फोन बघितला.

"कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं, पेन तयार ठेवून.

"तीनवरच."

"म्हणजे कॉइल नाही!" त्या सीटवर इतक्या जोरात उसळल्या की पट्ट्यानं त्यांना मागे ओढलं. "चल घरी. आधी त्याला सांगायचंय."

नवरा मीटिंगमध्ये होता. त्या जिना चढून गेल्या, दार लोटलं आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात उभं राहून, वहीचं पान उघडं धरून त्याला दाखवलं. पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: कॉइल निर्दोष. नंतर तो मला म्हणाला की मीटिंगमध्ये त्याला कुणीतरी विचारलं, का हसतोयस.

दुपारी आम्ही चारही प्लग काढले. प्लग म्हणजे जो प्रत्यक्ष ठिणगी टाकतो. किराणा दुकानाच्या जाहिरातीच्या कागदावर आम्ही ते एक, दोन, तीन, चार असे ओळीनं मांडले. सासूबाई गुडघ्यावर बसून चष्मा कपाळावर चढवून बघत होत्या.

"हे तीन बिस्किटाच्या रंगाचे आहेत. हा बघ, पांढुरका."

मला काही फरक दिसला नाही. "थोडासा असेल."

"थोडासा आहे, पण आहे." त्यांनी ते लिहिलं. मग आम्ही तीनचा प्लग दोनवर टाकला, दोनचा तीनवर, पुन्हा चक्कर, पुन्हा लाल सिग्नल. दोष जागच्या जागी, तीनवर ठाण मांडून. ठिणगी निर्दोष सुटली. वहीतल्या 'ठिणगी' या शब्दावर त्यांनी आडवी रेघ मारली, पट्टी लावून.

त्या रात्री जेवताना आम्ही दोघीच बोलत होतो. नवरा एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा त्याच्या आईकडे. त्याला भाजी वाढायची आम्ही विसरलो.

बुधवारी पेट्रोलची पाळी. प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोलचा फवारा सोडणारा एक इंजेक्टर असतो आणि तो चालू असेल तर टिकटिक करतो. ऐकायला मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावतात असं मी वाचलं होतं. आमच्याकडे लांब स्क्रूड्रायव्हर नव्हता. सासूबाई आत जाऊन लाटणं घेऊन आल्या.

"लाकडातून आवाज छान जातो," त्या म्हणाल्या. "मी मुलींना टेबलाच्या एका टोकाला घड्याळ ठेवून दुसऱ्या टोकाला कान लावायला सांगायची."

इंजिन चालू होतं. त्यांनी लाटण्याचं एक टोक पहिल्या इंजेक्टरवर टेकवलं, दुसरं कानावर, आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर गाणं ऐकत असल्यासारखे भाव. "टिकटिक." दुसरा. "टिकटिक." तिसऱ्यासाठी त्या आणखी वाकल्या आणि स्वेटरची बाही फिरत्या पट्ट्याच्या दिशेनं सरकताना मला दिसली.

"आई, हात काढ! काढ तिथून!"

त्यांनी झटक्यात हात मागे घेतला. इंजिन आपलं थरथरतच होतं. मी त्यांना अहो-जाहोशिवाय कधी हाक मारली नव्हती, आणि ओरडणं तर लांबच. माझे कान गरम झाले.

"सॉरी, आई, मी एकदम..."

"बाही दुमड आधी माझी," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात लहान मुलीसारखे पुढे केले. मी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. त्यांनी लाटणं पुन्हा उचललं. "आणि ओरडलीस ते बरं झालं. तुझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं."

तेवढ्यात समोरच्या घरातले आजोबा कुत्र्याला फिरवत आले. सहा फूट उंच, डोक्यावर रुंद कडांची टोपी. त्यांनी ट्रॅकपँटमधल्या, इंजिनाला लाटणं लावून उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बघितलं. कुत्र्यानंही बघितलं.

"एव्हरीथिंग ओके, मॅम?"

"पेशंट इज क्रिटिकल," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "बट टिकटिक इज गुड."

आजोबांनी टोपी काढून नमस्कार केल्यासारखं केलं आणि गंभीरपणे पुढे गेले. मी गाडीच्या मागे जाऊन खाली बसले, कारण हसून हसून मला उभं राहता येत नव्हतं.

चारही इंजेक्टर सारखेच वाजत होते. राहिला दाब आणि राहिली हवा. दाब मोजायचं गेज ऑटो पार्ट्सच्या दुकानातून उसनं मिळतं. काउंटरवर साठीच्या आसपासची एक बाई होती. दोन्ही दंडांवर गुलाबांचे टॅटू, करडे केस, नखांत काळं. तिनं गेज दिलं, कसं वापरायचं ते सांगितलं आणि विचारलं की दुरुस्ती कोण करतंय. मी सासूबाईंकडे बोट दाखवलं.

"यू द बॉस?" तिनं विचारलं.

"फिजिक्स," सासूबाई म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्या बाईला ते उत्तर पूर्ण पटलं. परत निघताना सासूबाई दारात थांबून वळून बघत होत्या. भिंतीवर टांगलेले पट्टे, नळ्या, फनेल, तऱ्हेतऱ्हेचे पाने. "साड्यांच्या दुकानात मला कधी असं होत नाही," त्या म्हणाल्या.

दाब चारही सिलिंडरमध्ये उत्तम निघाला. पंधरा वर्षांचं इंजिन आतून ठणठणीत होतं. मला गहिवरून आलं. एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाचे रिपोर्ट चांगले यावेत तसं. वहीत आता एकच शब्द रेघेशिवाय उरला होता: हवा.

गुरुवारी सकाळी मी उठून खाली आले तर सासूबाई आधीच ट्रॅकपँट घालून टेबलाशी बसल्या होत्या. समोर वही, चहा गार झालेला.

"मला समजलं," त्या म्हणाल्या. "बस. गाडी पळताना नीट असते, थांबल्यावरच थरथरते. का?"

मी खुर्ची ओढून बसले.

"थांबलेलं इंजिन थोडीच हवा ओढतं. त्यात कुठून तरी चोरून चमचाभर हवा जास्त आली तर मिश्रण बिघडतं, पेट्रोल कमी पडतं. पळताना ते इतकी हवा ओढतं की चमचाभर चोरीनं काही बिघडत नाही. आणि तो प्लग पांढुरका का होता? पेट्रोल कमी, हवा जास्त. तिसऱ्या सिलिंडरच्या जवळ कुठेतरी भोक आहे. इंजिन तिथून श्वास घेतंय!"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कामावर महिनोन्महिने सापडत नसलेली चूक एकदम दिसते ना, तेव्हा मानेपासून खाली एक शिरशिरी जाते. ती आली. मी म्हटलं, "आई, तुम्ही ग्रेट आहात," आणि त्या म्हणाल्या, "अजून सिद्ध व्हायचंय. पाण्याची फवारणीची बाटली कुठे आहे?"

इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन आम्ही बाहेर आलो. युक्ती साधी होती. इंजिन चालू ठेवायचं आणि संशय असेल त्या जागी थोडं थोडं पाणी मारायचं. भोकावर पाणी बसलं की ते क्षणभर बुजेल आणि इंजिनाचा आवाज बदलेल. मी बाटली धरली, सासूबाई कान देऊन उभ्या. वरच्या नळीवर मारलं. काही नाही. डावीकडच्या जोडावर मारलं. काही नाही. मग हवा आत नेणाऱ्या जाड फांद्यांसारख्या नळ्यांच्या मागे, खाली, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे मी नुसता अंदाजानं फवारा मारला.

इंजिन शांत झालं. थरथर एकदम थांबली, जणू कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोन सेकंदं गेली. मग पुन्हा थरथर.

"परत मार!"

शांत. थरथर. "परत!" शांत. थरथर. आम्ही तो खेळ किती वेळा केला ते सांगत नाही. शेवटी बाटलीतलं पाणी संपलं, तरी सासूबाई म्हणत होत्या, "एकदाच अजून."

गाडी बंद केली. तिथे हात कसाबसा जात होता, डोकं जाणं शक्यच नव्हतं. मी फोनचा दिवा आणि व्हिडिओ चालू करून हात कोपरापर्यंत आत घातला, फिरवला, बाहेर काढला. मग दोघी बॉनेटला टेकून बघायला लागलो. धूळ, तारा, काळी नळी. मग एक छोटीशी धातूची तोटी आणि तिच्यावर रबराचं टोपण. टोपणाचा अर्धा भाग कुरतडलेला, बारीक बारीक दातांच्या खुणा. आणि त्याच्या शेजारी, इंजिनामागच्या कपारीत, शेंगांची टरफलं. चांगली ओंजळभर. आणि त्यांच्यावर नीट रचून ठेवलेल्या चार न फोडलेल्या शेंगा.

"खार!" मी म्हटलं. "खारीनं कोठार केलंय इथे! पण आपल्या रस्त्यावर तर अक्रोडासारख्या पीकानची झाडं आहेत, भुईमुगाच्या शेंगा कुठून आणल्या तिनं?"

मी व्हिडिओ पुन्हा लावला. सासूबाई आकाशाकडे बघत होत्या.

"आई?"

"सकाळी तू ऑफिसला जातेस," त्या म्हणाल्या. "तो वर असतो. मी एकटीच. ती कुंपणावर येऊन बसते. इतकी बघते गं."

"किती दिवस देताय?"

"आल्यापासून." म्हणजे तीन महिने. "त्यानं सांगितलं होतं, इथे खारींना खायला घालू नका. म्हणून मी बोलले नाही."

तीन दिवस वही घेऊन, पट्टीनं रेघा मारत, ठिणगी, पेट्रोल, दाब असं सगळं तपासत आम्ही ज्या गुन्हेगाराला शोधत होतो, त्याला रोज सकाळी खाऊ देणारी व्यक्ती माझ्या शेजारी उभी होती. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे, आणि मग जे हसू सुटलं ते आवरेचना. आम्ही एकमेकींच्या खांद्याला धरून हसत होतो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, टिकली घसरून भुवईवर आली होती. मध्येच त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, "चार शेंगा बाजूला ठेवल्यात गं तिनं, नीट रचून," आणि पुन्हा सुरू. नवरा पळत खाली आला. त्याला वाटलं आम्ही रडतोय.

"काय झालं? काय झालं?"

"सापडलं," मी कसंबसं म्हटलं.

"मग काय होतं?"

सासूबाईंनी माझा हात दाबला. मी त्याला म्हटलं, "एक टोपण खराब झालं होतं. रबर आहे, जुनं होतं."

त्यानं मान हलवली. "पंधरा वर्षं म्हणजे..." एवढं म्हणून तो परत गेला. आमच्यात पहिल्यांदाच एक गुपित झालं होतं.

दुकानातल्या बाईला मात्र आम्ही खरं सांगितलं. तिनं टोपणांचं छोटं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली की हिवाळ्याच्या तोंडावर असे आठवड्याला दोन-तीन तरी येतात. खारींना रबर आवडतं. त्यासाठी मिरचीचा अर्क लावलेली टेप मिळते, ती गुंडाळली की त्या तोंड लावत नाहीत.

"चिली?" सासूबाईंनी विचारलं आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "टेप कशाला? डबाभर आहे घरी."

नवं टोपण बसवायला मला दहा मिनिटं लागली. बोटं सोलली, पण बसलं. मग सासूबाईंनी सांगलीहून आणलेला कांदा-लसूण मसाला चमचाभर व्हॅसलीनमध्ये कालवला आणि मी तो टोपणाच्या आजूबाजूच्या नळ्यांना बोटानं फासला. चार शेंगा त्यांनी काढून घेतल्या आणि लांब मागच्या कुंपणापाशी नेऊन ठेवल्या. "तिच्या आहेत त्या," म्हणाल्या.

गाडी चालू केली. दारात उभ्या गाडीचा आवाज छान येत होता, पण खरी परीक्षा सिग्नलला. मी कोड पुसला आणि आम्ही निघालो. आणि त्या दिवशी प्लेनोतला एकही सिग्नल लाल मिळेना! जाऊ तिथे हिरवा. ज्या चौकात मी रोज तीन-तीन मिनिटं कुजते तिथेही हिरवा. सासूबाई खिडकीला नाक लावून ओरडत होत्या, "हो ना लाल, हो!" मी इतकी हळू चालवत होते की मागचे लोक हॉर्न मारत होते. सहा हिरवे झाले. सातवा पिवळा झाला आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो. मी ब्रेक लावला. गाडी थांबली.

काही नाही. थरथर नाही, दिवा नाही. सीटवर ठेवलेली वही जागची हलली नाही. इंजिन इतकं गप्प की बंद पडलं की काय असं वाटलं. सासूबाईंनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला.

"झोपलंय बाळ," त्या हळूच म्हणाल्या.

आणि मग तो वास आला. इंजिन तापलं होतं. एसीच्या जाळीतून कांदा-लसूण मसाल्याची खमंग फोडणी थेट आमच्या नाकात. मिसळीच्या हॉटेलात शिरावं तसं. आम्ही पुन्हा सुरू. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजला, मी डोळे पुसत गाडी काढली आणि मला परत वळावंसं वाटेना.

"आई, आता कुठे जायचं?"

"ही किती लांब जाईल?"

"आता? कुठेही."

"ऑस्टिनला?"

मी घड्याळ बघितलं. दुपारचा एक वाजला होता. चार तासांचा रस्ता. माझ्या नखांत ग्रीस, त्यांच्या अंगात ट्रॅकपँट, आम्ही दोघीही जेवलेल्या नव्हतो. मी हायवेकडे वळण घेतलं. नवऱ्याला सासूबाईंनीच फोन केला. "आम्ही नातीकडे चाललोय. वरण फ्रिजमध्ये आहे. नाही, गाडीनं. त्याच गाडीनं. कॉइल नव्हती ती!" आणि फोन ठेवला.

रस्ताभर त्या बोलत होत्या. बावीस वर्षांत मला न सांगितलेलं बरंच काही त्यांनी त्या चार तासांत सांगितलं. कॉलेजात असताना त्यांना इंजिनिअरिंगला जायचं होतं. फॉर्मही आणला होता. घरी कुणी रागावलं नाही, नुसते सगळे हसले, आणि त्यांनी फॉर्म परत नेऊन दिला. हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत फारशी नव्हती. मधेच त्या म्हणाल्या, "डावीकडच्या त्या लाल ट्रकचा आवाज ऐकतेस का? त्याचाही एक कमी पेटतोय," आणि मी काच खाली केली, आणि खरंच तसं होतं.

मुलीच्या होस्टेलबाहेर पोचलो तेव्हा पाच वाजले होते. मी फोन करून तिला खाली बोलावलं. ती पायऱ्या उतरत आली, आधी गाडी बघितली, मग मला, मग आजीला. ट्रॅकपँट, दुमडलेल्या बाह्या, गालावर काळ्या तेलाचा पट्टा, भुवईवर टिकली.

"ओ माय गॉड, आजी! व्हॉट हॅपन्ड टू यू?"

"हंग्री," आजी म्हणाल्या. "आणि तुझ्या मैत्रिणींमध्ये कुणाची गाडी थरथरत असेल तर सांग. मी रविवारपर्यंत आहे."

हे मला नवीन होतं. मी रात्रीच परतायचं धरलं होतं आणि आमच्याकडे दात घासायचे ब्रशही नव्हते. मी तोंड उघडलं, पण तोवर नात आजीच्या गळ्यात पडली होती, तिच्या पांढऱ्या टी-शर्टवर ग्रीसचे दोन पंजे उमटले होते, आणि त्या दोघी माझ्याकडे न बघता बॉनेट कसं उघडायचं ते शोधत होत्या.